तो धाकट्याला म्हणाला

कत्तलखान्यात सगळे त्याला सोल्या म्हणायचे. नवीन माणसाला वाटायचं, टिंगल चाललीय. टिंगल अजिबात नव्हती. अख्ख्या मेंढराचं कातडं तो चार मिनिटांत उतरवायचा आणि ते उजेडापुढे धरलं तर सुईच्या टोकाएवढंही भोक सापडायचं नाही. सुरी लागायची फक्त पायांशी आणि पोटाच्या मधल्या रेषेवर. पुढचं सगळं मुठीचं काम. कातडं आणि मांस यांच्या मध्ये तो मूठ घालायचा आणि सरकवत न्यायचा, जनावराचा अंगरखा काढावा तसा. बाकीचे सोलणारे घाईत सुरी चालवायचे, भोकं पाडायचे आणि वर म्हणायचे, कातडंच पातळ होतं. सोल्याला हे ऐकवत नसे. कातडं पातळ नसतं, हात जाड असतो, असं म्हणून तो त्या माणसाशी दिवसभर बोलायचा नाही.

न बोलणं हा त्याचा दुसरा हुन्नर. सख्ख्या धाकट्या भावाशी तो अकरा वर्षं बोलला नव्हता, आणि तेही एका छपराखाली, दहा पावलांच्या अंतरावर, रोज आठ तास.

त्याचं असं झालं. त्यांचे वडील, आबा, तिथे तीस वर्षं ‘पहिली सुरी’ होते. म्हणजे जनावराचा गळा कापणारा माणूस. रांगेत त्याच्यापुढे कोणी नसतो, सगळ्यांचा दिवस त्याच्या हातापासून सुरू होतो. आबांचा खांदा धरला होता तेव्हा दोन महिने ती सुरी सोल्यानेच चालवली होती. त्यामुळे आबांच्या मागे आपणच, हे त्याने मनात पक्कं धरलं होतं. आबांच्या शेवटच्या दिवशी मुकादमाने सगळ्यांसमोर विचारलं, “तुमच्या मागे कोण?” आबांनी सुरी धुतली, पुसली आणि हनुवटी उडवली. धाकट्याकडे. तोंडातून अक्षर नाही.

सोल्या हसला. माणूस कधीकधी असा हसतो, त्याचं त्यालाही कळत नाही. त्या संध्याकाळी कपडे बदलायच्या खोलीत त्याने मांस टांगायचा लोखंडी आकडा काढला आणि धाकट्याच्या खांद्यावर असा हाणला की गळ्याजवळचं हाड काडकन मोडल्याचा आवाज बाहेर नळावर हात धुणाऱ्यांना ऐकू गेला. धाकटा भिंतीला पाठ लावून खाली बसला. मुकादम धावत आला तेव्हा म्हणाला, “पाय घसरला. पडलो.” सोल्याने हा उपकारही मनात विषासारखा जपून ठेवला.

आबा त्यानंतर चार वर्षं जगले. तुम्ही असं का केलंत, हे सोल्याने त्यांना कधी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. विचारायला तोंड लागतं आणि ऐकायला छाती. या बाबतीत त्याच्याकडे दोन्ही नव्हतं.

दोघांच्या घरांमध्ये एकच भिंत होती. आई सकाळी थोरल्याकडे जेवायची, संध्याकाळी धाकट्याकडे, आणि दोन्हीकडे तेच म्हणायची, “एकदा बोला रे, मी मेल्यावर कोणाच्या तोंडाकडे बघणार आहात?” कामावर बोलणं अडलं तर तिसऱ्याला मध्ये घालायचं. धाकटा हातभर अंतरावर उभा असायचा आणि सोल्या ओझं उचलणाऱ्या हमालाला म्हणायचा, “त्यांना सांगा, खालचा आकडा वाकलाय.” हमाल मान वळवून म्हणायचा, “आकडा वाकलाय.” धाकटा हमालालाच म्हणायचा, “सांगा, बदलतो.” नवे लोक तोंड दाबून हसायचे. जुन्यांना हसू येणं थांबलं होतं.

मग यंत्र आलं.

कातडी ओढायचं यंत्र. एक फिरता पिंप, एक साखळी. पायाशी कातडं सुटं करून साखळीत अडकवायचं, कळ दाबायची, अर्ध्या मिनिटात कातडं ओरबाडून निघतं. दर चौथं फाटतं, पण फाटलेल्याचं कोणाला काय पडलंय? सोलणाऱ्या सहा जणांपैकी चौघांना घरी पाठवलं. सोल्या आणि आणखी एक म्हातारा राहिले, फरशी धुवायला. आता आतल्या कामाची वाटणी धाकट्याच्या हाती होती. त्याने हमालाला मध्ये घातलं नाही. पाण्याचा पाईप उचलला, वीस माणसांच्या देखत चालत आला आणि थोरल्या भावाच्या हातात दिला. न बोलता. मागे कोणीतरी फिस्सकन हसलं.

सोल्याने पाईप घेतला. दिवसभर रक्त नालीकडे ढकललं. गरम रक्तावर गार पाणी पडलं की वाफ येते, तिचा वास नाकात बसतो, त्याला तो वास आयुष्यात पहिल्यांदा असह्य झाला. दुपारी चारला त्याने पाईप गुंडाळून ठेवला तेव्हा त्याचं ठरलं होतं. धाकट्याला मारायचं. राग म्हणून नाही. राग तर अकरा वर्षं जुना होता, त्याची त्याला सवय झाली होती. हिशोब डोक्यात शांतपणे बसला, एवढंच. पायाशी चिरा घ्यायची आपली छोटी सुरी त्याने घरी नेली आणि दगडावर पाणी शिंपडत तासभर परजली. बायकोने विचारलं, “आता सोलायचं नाही, मग धार कशाला?” तो म्हणाला, “सवय.”

जागाही ठरली होती. कत्तलखान्यामागे जुने कोंडवाडे होते, रिकामे, गुडघाभर गवत माजलेलं, जनावरांना पाणी पाजायची फुटकी दगडी डोणी. तिथे कोणी जात नसे. अडचण एकच होती आणि ती हसण्यासारखी होती: धाकट्याला तिथे बोलवायचं कसं? हमालाकरवी निरोप द्यायचा तर साक्षीदार तयार. स्वतः बोलायचं तर काय बोलायचं? अकरा वर्षांनी तोंड उघडून ‘जरा मागे चल’ म्हटलं तर शेंबड्या पोरालाही संशय येईल. सोल्या तीन दिवस एका वाक्यामागे लागला होता. नळाखाली हात धरून तो पुटपुटायचा, ओठ हलायचे, आणि वाक्य काही जमत नव्हतं.

रविवारी दुपारी तो वाचनालयात गेला, बाईंकडे. बाई जुनी पुस्तकं दुरुस्त करायच्या. पुठ्ठ्यावर चढवायला त्यांना मेंढराचं निर्दोष कातडं लागायचं आणि ते फक्त सोल्याकडे मिळायचं. नऊ वर्षं तो त्यांना महिन्याला एक देत आला होता. आज यंत्राच्या आधी सोललेलं शेवटचं होतं. मागच्या खोलीत सरस आणि जुन्या कागदाचा वास होता. मोठ्या मेजाभोवती बाई आणि दोन माणसं बसली होती, एक निवृत्त पोस्टमन आणि एक शिवणकाम करणाऱ्या विधवा बाई. रविवारी इथे वाचन चालतं हे सोल्याला माहीत होतं, पण तो कातडं देऊन दारातूनच परतायचा.

बाईंना हिब्रू येत होती. तरुणपणी त्या भाषेतली एक जीर्ण पोथी दुरुस्तीला आली, ती काय म्हणते हे कळल्याशिवाय हात लावणार नाही असा त्यांनी हट्ट धरला, आणि त्या हट्टात चाळीस वर्षं गेली. आज बाई त्या पोथीतली, जगातल्या पहिल्या दोन भावांची कथा सांगत होत्या. भावांची नावं त्या घेत नसत, थोरला आणि धाकटा इतकंच म्हणत. नावं घेतली की माणसं लांबची वाटतात, असं त्यांचं म्हणणं.

“थोरला शेती करायचा, धाकटा मेंढरं राखायचा. दोघांनी देवापुढे आपापलं ठेवलं. देवाने धाकट्याचं घेतलं, थोरल्याच्याकडे पाहिलंही नाही.”

“का?” पोस्टमननी विचारलं.

“कारण दिलेलं नाही.”

सोल्या कातडं काखेत घेऊन उंबऱ्यातच थांबला. बाईंनी न विचारता एक खुर्ची पायाने पुढे सरकवली.

“आता इथे ऐका,” बाई म्हणाल्या. “मूळ वाक्य असं आहे: ‘थोरला आपल्या धाकट्या भावाला म्हणाला.’ आणि पुढचं वाक्य: ‘ते शेतात असताना थोरला धाकट्यावर उठला आणि त्याने त्याला ठार केलं.’”

“म्हणाला, पण काय म्हणाला?” शिवणवाल्या बाईंनी चष्मा वर केला.

“तेच नाही. जागा कोरी. पुढे लोकांनी भाषांतरं करताना आपापल्या मनाने भरलंय, ‘चल, शेतात जाऊ.’ मुळात काही नाही.”

सोल्या त्या खुर्चीवर बसला. हजारो वर्षांपूर्वी दुसऱ्या एका थोरल्याला याच वाक्याची गरज पडली होती, आणि नेमकं तेच हरवलं होतं!

“हे लिहिलं होतं कशावर?” त्याने विचारलं. सगळ्यांनी वळून पाहिलं.

“कातड्यावर. मेंढराच्याच.”

“मग सरळ आहे. सोलणारा चुकला. सुरी लागली, भोक पडलं. लिहिणाऱ्याचे शब्द त्या भोकात गेले. पुढच्याने नक्कल करताना भोकाचीही नक्कल केली.” त्याचा आवाज चढला होता. “चांगला सोलणारा असता तर आज आपल्याला कळलं असतं, तो काय म्हणाला ते.”

पोस्टमन हसले. बाई हसल्या नाहीत. “कोणी सांगावं? मोठमोठ्या पंडितांनी याहून वेडी कारणं दिलीत.”

“मी सांगते,” शिवणवाल्या म्हणाल्या. “तो म्हणाला असणार, सगळी जमीन माझी, तू हवेत राहा.”

“छे, त्याने शिवी दिली असेल,” पोस्टमन म्हणाले. “म्हणून लिहिणाऱ्याने गाळली.”

“शिवी दिली तर धाकटा शेतात कशाला येईल?” सोल्या म्हणाला. “तो आला. म्हणजे थोरला गोड काहीतरी बोलला असणार. आणि आणखी एक सांगतो. थोरला शेतकरी. त्याने आयुष्यात कोंबडीसुद्धा मारली नसेल. जनावर कापायची सवय धाकट्याला होती. जीव कुठून जातो हे धाकट्याला माहीत, थोरल्याला नाही. तरी मेला धाकटा. कारण तो रिकाम्या हाताने आला. आणि थोरल्याने एका घावात मारलेलं नसणार. जागा माहीत नाही म्हटल्यावर सगळीकडे मारलं असणार. हातावर, मांडीवर, तोंडावर. आधी माणूस मेलेलाच नव्हता कोणी. मेला की नाही, हेही त्याला कळलं नसेल.”

मग बाई हळूच म्हणाल्या, “मुळात पुढे रक्त हा शब्द अनेकवचनी आहे. देव थोरल्याला म्हणतो, तुझ्या भावाची रक्तं जमिनीतून ओरडतायत. रक्तं. तुम्ही म्हणता तसाच अर्थ काही जुन्या लोकांनी लावला होता, बरेच घाव असा.”

“तुम्हाला काय वाटतं?” सोल्याने विचारलं. “काय म्हणाला तो?”

“मला वाटतं, तो बोलायला गेला. खरंच बोलायला गेला. आणि जमलं नाही. त्याच्याकडे शब्द नव्हता, म्हणून हात उठला.”

“बोलल्याशिवाय कोणी शेतात येत नाही, बाई,” सोल्या कडवटपणे म्हणाला, कातडं मेजावर टाकलं आणि निघाला. बाईंनी दारापर्यंत येऊन विचारलं, “तुम्हाला किती भाऊ?” त्याने ऐकलंच नाही असं दाखवलं. बाईंना समजलं होतं, असं मला वाटतं. पण समजून माणूस करणार काय? त्यांनी त्याला पुढच्या रविवारी यायला सांगितलं.

सोमवारी दुपारच्या सुट्टीत धाकटा नळावर हात धूत होता. आजूबाजूला कोणी नव्हतं. सोल्या जवळ गेला. जमवलेली सगळी वाक्यं ऐन वेळी पळाली. तोंडातून निघालं ते एवढंच:

“ए, जरा येतोस का मागे?”

धाकट्याच्या हातातला साबण निसटला. त्याने नळ बंद केला, तोंडावर पाणी मारलं, रक्ताने भरलेला अंगावरचा रबरी एप्रन काढून खुंटीला टांगलं. कमरेची सुरी काढली आणि कठड्यावर ठेवली. ‘पहिली सुरी’ असलेला माणूस जेवतानासुद्धा कमरेची सुरी काढत नाही. “चल की, दादा,” तो म्हणाला आणि पुढेच चालायला लागला. त्याचे कान लाल झाले होते. लहानपणी आनंद झाला की त्याचे कान असेच लाल व्हायचे, पण हे सोल्याला त्या क्षणी आठवायला नको होतं, म्हणून त्याने आठवू दिलं नाही.

डोणीपाशी धाकटा वळला आणि काही बोलणार तोच सोल्याने वार केला. फासळ्यांवर सुरी सरकली, शर्ट फाटला, लाल रेघ उमटली. धाकटा क्षणभर नुसता बघत राहिला. मग दोघे भिडले. सत्तेचाळीस आणि बावन्न वर्षांचे दोन बाप्ये गवतात लोळले, चावले, गुडघे मारले, एकमेकांच्या डोळ्यांत माती कोंबली. सोल्याचं नाक डोणीच्या काठावर आपटून फुटलं. त्याने धाकट्याच्या कानाचा तुकडा दातांनी तोडला. पण रोज शंभर जनावरं आवळून धरणारे हात ते. धाकट्याने त्याला उताणा पाडला, छातीवर गुडघा रोवला, मनगट पिरगळून सुरी पाडली आणि अंगठा नेमका गळ्याच्या त्या शिरेवर ठेवला. सोल्याच्या डोळ्यांपुढे काळोख यायला लागला.

“आईला काय सांगशील?” त्याने घोगऱ्या आवाजात विचारलं. हा डाव होता की खरंच विचारलं, हे त्यालाही पुढे कधी सांगता आलं नाही.

अंगठा सुटला. धाकटा उठला, दोन पावलं मागे गेला, धापा टाकत ओणवा झाला. कानातून रक्त गळत होतं. मग त्याने हात पुढे केला, भावाला उठवायला.

सोल्याने डाव्या हाताने तो हात धरला आणि उजव्या हाताने गवतातली सुरी उचलली. एक घाव दंडावर, एक कमरेत, तिसरा मांडीच्या सांध्यात. मेंढराची जागा त्याला माहीत होती, माणसाची नव्हती. तिसऱ्या घावाला रक्ताची चिळकांडी उडाली ती थेट त्याच्या तोंडावर आली. धाकटा खाली बसला, अकरा वर्षांपूर्वी भिंतीशी बसला होता तसाच, आणि अगदी साध्या आवाजात म्हणाला, “मला वाटलं, तुला बोलायचंय.”

सोल्याच्या हातातून सुरी गळाली. पुढचं सगळं त्याच्या हातांनी केलं, त्याला न विचारता. उजवी मूठ त्याने त्या जखमेत घातली, मांस आणि हाडाच्या मध्ये, आणि शीर सापडेपर्यंत आत सरकवली. चिळकांडी थांबली. मग तो ओरडला. असा ओरडला की आतल्यांनी यंत्र बंद केलं.

मांसाच्या गाडीत, ओल्या पत्र्यावर, त्याने भावाला आडवं घातलं. मूठ तशीच आत. हॉस्पिटल वीस मिनिटांवर. गाडीवाला पुढून ओरडत होता, “बोलत राहा त्याच्याशी! डोळे मिटू देऊ नका!”

बोलत राहा. सोल्याने तोंड उघडलं. अकरा वर्षांचं सगळं घशाशी आलं आणि त्यातून एकच गोष्ट बाहेर पडली.

“आबांनी तुलाच का दिली रे?”

धाकट्याचे ओठ पांढरे पडले होते. “मी विचारलं होतं त्यांना,” तो म्हणाला. “दुसऱ्याच दिवशी. हाड बांधून आल्यावर.”

“काय म्हणाले?”

“म्हणाले... खांदा धरला होता तेव्हा थोरला दोन महिने नीट जेवला नाही. झोपेत दचकायचा. त्याला वाटतं, कोणाला दिसलं नाही.” धाकट्याने श्वास घेतला, तो अर्ध्यावर अडला. “म्हणाले, आपला थोरला मारणारा नाही. त्याच्याने ते रोज व्हायचं नाही. तुझं काळीज जाड आहे, तू कर.”

गाडी खड्ड्यात आदळली. सोल्याने मूठ आणखी घट्ट केली.

“मग मला का नाही सांगितलंस? अकरा वर्षं, अरे!”

“तू बोलत नव्हतास.” मग थोड्या वेळाने, “आणि मला आवडत होतं रे, दादा. सगळ्यांना वाटायचं मी तुझ्याहून सरस. ते आवडत होतं. पाईप दिला त्या दिवशी सांगणार होतो. तोंडच उघडेना.”

“डोळे उघडे ठेव. ए! माझ्याकडे बघ. आणखी काय म्हणाले आबा?”

धाकटा काहीतरी म्हणाला. ओठ हलले, पण इंजिनाच्या आवाजात सोल्याला ऐकू आलं नाही. त्याने कान जवळ नेला. “पुन्हा सांग. काय म्हणाले?”

हॉस्पिटलच्या दारात डॉक्टर गाडीतच चढले. मानेची नाडी तपासली, पापणी उचलून पाहिली आणि सोल्याच्या खांद्यावर हात ठेवला. “सोडा आता. बराच वेळ झाला, गेलेत ते.”

त्याने सोडलं नाही. दोन माणसांनी त्याला मागून धरलं, तिसऱ्याने ती मूठ जखमेतून बाहेर काढून एकेक बोट उघडलं. कोणीतरी विचारलं, हे कोणी केलं, आणि तो म्हणाला, “मी केलं,” पण त्याचं लक्ष तिकडे नव्हतं. तो भावाच्या तोंडाशी वाकला होता आणि आपल्याला ऐकू आलं नाही एवढंच झालंय, अशा आवाजात विचारत होता, “मोठ्याने बोल ना. आणखी काय म्हणाले आबा?”